डांबरावर लोखंडी चाकं

२०२३ साल होतं आणि मला सत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी आषाढात, ऐन चिखलणीच्या दिवसांत, मी पुन्हा स्टेअरिंगला हात लावला. गावात लोक आपापल्या परीनं ती गोष्ट सांगतात. कोणी म्हणतं नवस फळला, कोणी म्हणतं पोरानं समजावलं. सगळं खोटं. झालं ते माझ्याच हातानं झालं, तेव्हा मीच सांगितलेलं बरं.

शाळा माझी चवथीपर्यंत, आणि त्या चवथीतही मी वर्गात कमी आणि म्हशींच्या मागे जास्त. पण गाडीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. आमच्या गावात पहिला ट्रॅक्टर आला तो पाटलाकडे. तो चालवायला बालाघाटकडचा ड्रायव्हर ठेवला होता. मी त्याच्या बाजूला मडगार्डवर बसून बसून सगळं पाहून घेतलं. विचारलं काही नाही, विचारण्यात मला कमीपणा वाटायचा. तो ड्रायव्हर कायमचा गावी गेला तेव्हा पाटलानं चाबी माझ्या हातात दिली. तेव्हापासून चाळीसच्या वर वर्षं माझ्या हातात कुठल्या ना कुठल्या गाडीचं स्टेअरिंग राहिलं. पुढे स्वतःची जमीन थोडी वाढली, स्वतःचा ट्रॅक्टर आला, मग एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. दवनीवाड्याकडून गोंदियाच्या दवाखान्यात किती बाया बाळंतपणाला मी पोचवल्या ते विचारू नका. आज गावात सायकली मारत फिरणाऱ्या पोरांतली काही, मी जरा हळू चालवली असती तर माझ्याच मागच्या सीटवर जन्मली असती.

असा मी. आणि त्या २०२३ सालात मला व्हॅनची चाबी हातात घेतली तरी घाम सुटायचा.

झालं होतं ते आधीच्या कार्तिकात. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे जमतात, दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ होतो, दुकानं लागतात. माझ्या बायकोचं माहेर आमगावकडे. तिच्या भावानं मंडईला बोलावलं म्हणून आम्ही दोघं व्हॅननं गेलो, रात्र राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. गाव अगदी जवळ आलं होतं. आमच्या पुलियाच्या, म्हणजे नाल्यावरच्या लहान पुलाच्या, अलीकडे रस्त्यावर धान वाळत घातलेलं होतं.

हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. धान कापून, मळून झालं की वाळवायला अंगण कोणाला पुरतं? डांबर छान तापतं. म्हणून त्या दिवसांत रस्त्याची एक बाजू धानाची आणि दुसरी गाड्यांची. कडेनं दगड मांडलेले असतात, गाडीवाल्यानं समजून घ्यायचं. कोणी कोणाला तक्रार करत नाही. आणि धानावरून चाक न्यायचं नाही, हे तर सांगायचीही गरज नाही. ज्या खळ्यात आम्ही चप्पल घालून पाय टाकत नाही, तिथे टायर कसं नेणार?

डावीकडे धान, म्हणून मी उजवीकडून होतो. समोरून राईस मिलचा ट्रक आला, भरलेला, जोरात. डावीकडे घेतली असती तर काही झालं नसतं, फक्त धानाचा चुरा झाला असता. बायको ओरडली, "अजी, धान हाय, धान हाय." मला ते दिसत होतंच. मी अजून उजवीकडे घेतली. व्हॅन पुलियाच्या कठड्याला लागली, फिरली आणि खाली बांधीत जाऊन उलटली. बांधी म्हणजे कडेनं धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवायचा धानाचा तुकडा. कापणी झालेली होती, म्हणून खाली पाणी नव्हतं, नुसती धसकटं. ती धसकटं काचेतून माझ्या तोंडाशी आली तेवढं आठवतं.

माझ्या बरगड्या गेल्या आणि गळ्याचं हाड गेलं. बायकोच्या मांडीचं हाड मोडलं. गोंदियाला तिच्या पायात सळई टाकली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच बोलायचा, "धानावर घातली असती गाडी तं काय झालं असतं?"

मी विचारायचो, "तुझं धान असतं तं असाच बोलला असता का गा?"

मग तो चप्पल शोधायला लागायचा.

बायको मात्र आल्यागेल्याला सांगायची, "माहीच चूक. मी ओरडली नसती तं याइनं गाडी धानावर घातली असती." मी म्हणायचो, तू ओरडली नसती तरी मी घातली नसती. यावरून आमचं दवाखान्याच्या खाटांवर भांडण व्हायचं, दोघंही पट्ट्यांत बांधलेले, आणि नर्सबाई येऊन दोघांनाही रागवायची.

हाडं जुळली. पोरानं व्हॅनही ठोकून-ठाकून आणली, रंग मारला, टिनाच्या शेडखाली उभी केली. मी एकदा तिच्यात बसलो. चाबी लावली आणि समोरच्या काचेत ट्रकचं तोंड दिसलं. शेडमध्ये समोर गाईचा गोठा होता, ट्रक कुठला यायला. तरी दिसलं. चाबी हातातून खाली पडली. मी ती उचलली, खिशात घातली, बाहेर आलो आणि सांगितलं की डिझेल नाही. व्हॅन पेट्रोलवर चालते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी पोरगा म्हणाला, उद्या आणतो. तेच मला जास्त लागलं.

पोरगा माझा मिलमध्ये हिशोबाला आहे, शिकलेला. त्यानं मला गोंदियाला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका ठिकाणी नेलं. म्हणाला, "बाबा, त्यांच्या गाडीले दोनी बाजूनं ब्रेक असते. भीती नाई." तिथला शिकवणारा माझ्या पोरापेक्षाही लहान. मला म्हणाला, "दादाजी, पहले बताओ, क्लच कौन सा है?"

मी म्हटलं, "तू बता."

"मैं तो सिखाने बैठा हूँ, दादाजी."

"मंग शिकव. मी बसतो मागं अन् तू चालव. मी पाहतो तुले येते का."

पहिल्या चौकात मी उतरलो आणि ऑटो करून घरी आलो. पोरगा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. एक दिवस म्हणाला, "बाबा, मंग विकून टाकू व्हॅन. शेडमधी सडून राहिली. कुडव्याचा एक जन मागून राहिला." मी म्हटलं, "विक." बोललो तर खरं, आणि मग दिवसभर गोठ्यात शेण काढत बसलो, म्हणजे कोणाला माझं तोंड दिसू नये.

आता इकडे माझ्या सासुरवाडीचं. बायकोच्या भावाला पहिला नातू झाला. बारसं ठरलं. भावाचा फोन आला की गाडी पाठवतो, बहिणीला घेऊन या. बायकोला सळईमुळे बस झेपत नव्हती आणि ऑटोच्या धक्क्यानं तिचा पाय रात्रभर ठणकायचा. अपघातापासून ती माहेरी गेलेलीच नव्हती. भावानं पाठवलेली गाडी आली असती तर काय बिघडलं असतं? पण फोनवर ती त्याला माझ्यासमोर म्हणाली, "येईन तं याइच्याच गाडीत येईन. नाई तं नाई येत. तुझा नातू काही पळून नाई चालला."

फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तांदूळ निवडायला लागली. माझ्याहून जास्त अडेल बाई या जिल्ह्यात नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

म्हणजे गोष्ट अशी होऊन बसली. बारशाच्या आदल्या संध्याकाळी कुडव्याचा माणूस व्हॅन न्यायला येणार, सौदा झालेला. व्हॅन गेली की बायकोचं माहेरही गेलं, कारण ती आपला शब्द फिरवणार नाही. आणि माझा तर हात चाबीला लागत नव्हता.

त्याच दिवशी सकाळी आमच्या पुलियाजवळच्या बांधीत चिखलणी होती. चिखलणी म्हणजे बांधीत पाणी भरून ट्रॅक्टरनं मातीचा लोण्यासारखा चिखल करायचा आणि मग बाया त्यात परे रोवतात. परे म्हणजे धानाची रोपं. ती आदल्या दिवशीच उपटून, पेंढ्या बांधून ठेवलेली होती. एकदा उपटली की थांबता येत नाही, पिवळी पडतात. गावतलावाचं पाणी आमच्या बांधीत दुपारपर्यंतच, मग पाळी दुसऱ्याची. सगळं तयार होतं. ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा होता, मागे नांगर जोडलेला आणि केजव्हील चढवलेली. केजव्हील म्हणजे टायरच्या जागी लावायची लोखंडी पट्ट्यांची चाकं, चिखलात रुतू नये म्हणून. रोवणाऱ्या बायाही आल्या. फक्त ड्रायव्हर आला नाही. त्याचा फोन आला, "सासऱ्याले दवाखान्यात नेऊन राहिलो, आज येनं होत नाई."

पोरगा मिलमध्ये. ट्रॅक्टरची चाबी माझ्या खिशात, कारण ड्रायव्हरला द्यायला म्हणून मीच ती आणली होती.

बायांची म्होरकी एक जाडजूड म्हातारी, माझ्याच वयाची. जिभेला तिच्या कधी विसावा नाही. ती म्हणाली, "काय जी भाऊजी, आमी काय धुरा मोजाले आलो का इथं?"

"ड्रायव्हर येऊन नाई राहिला."

"मंग ट्रॅक्टर कायले उभा ठेवला? बगळे बसवाले?"

बाया हसल्या. मी म्हटलं, "दुसरा पाहतो कोनी."

"आज कोन रिकामा बसला तुमच्यासाठी? साऱ्या गावात चिखलनी चालू हाय. दुपारी पानी जाईल, अन् मंग तुमी राहा अन् तुमचे परे राहोत."

मागून एक तरणी बाई हळूच बोलली, पण मला ऐकू जाईल इतकी मोठ्यानं. "मावशी, भाऊजीले नोको बोलू वो. भाऊजी आता चाक पाहूनच भेतात."

मी वळलो. "कोन भेते?"

"तुमी जी. सारं गाव सांगते."

"गावाले कामधंदा नाई."

"अन् तुमाले हाय का आज?" म्होरकी म्हणाली.

आता सांगा, यावर माणसानं काय करायचं? मी ट्रॅक्टरवर चढलो. विचार करून नाही, रागानं. पाय चिखलाचा होता, तो पायरीवरून सटकला. बरगडीत कळ आली आणि मागे पुन्हा हशा झाला. मी सीटवर बसलो, चाबी लावली, आणि इंजिन धडधडायला लागलं.

मला वाटलं होतं ट्रकचं तोंड दिसेल. समोर तर नुसतं पाणी होतं आणि त्यात आभाळ. ट्रक यायला तिथे जागाच नव्हती. चारी बाजूला धुरे. बांधीत कोणाला धडकणार? बेडकाला? मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि केजव्हील पाण्यात उतरली.

पहिल्या फेरीत मी स्टेअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. दुसऱ्या फेरीत कोपरा आला. कोपऱ्यात चाक खोल जातं, तिथे वेग कमी करून मागचा नांगर उचलावा लागतो, नाहीतर ट्रॅक्टर बसतो. मी वेग कमी केला, नांगर उचलला, वळलो, नांगर टाकला. वळून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की हे मी केलं. हातानं मला विचारलंच नाही. तिसऱ्या फेरीत बगळे मागे लागले, चिखलातून वर आलेले किडे टिपायला. चिखलाचे गोळे उडून माझ्या पाठीवर, टोपीवर, कानात. सगळ्या अंगात इंजिनची धडधड भरली होती. लग्नात वरातीच्या बैलगाडीवर उभा होतो तेव्हासुद्धा असं वाटलं नव्हतं. मी काहीतरी मोठ्यानं बोलत होतो. काय बोलत होतो ते इंजिनमुळे मलाही ऐकू आलं नाही. बायांनी मात्र पाहिलं. म्होरकी नंतर म्हणाली, "भाऊजी ट्रॅक्टरले शिव्या देऊन राहिले का देवाले, काही समजलं नाई."

बांधी लोण्यासारखी झाली. मी धुऱ्यावर आलो. बाया पेंढ्या घेऊन चिखलात उतरल्या. म्होरकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झाली ना. आता दुसरी करून टाका, पानी हाय तोवर."

दुसरी बांधी पुलियाच्या पलीकडे. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर तिकडे न्यायचा तर तलावाच्या भरावाखालून, बांधी-बांधीतून मोठा वळसा घालून न्यायचा. चिखलणी करणारा प्रत्येक माणूस हे जाणतो. केजव्हील डांबरावर आणायची नाही. मी हे पोराला शिकवलं, ड्रायव्हरला शिकवलं. आणि त्या सकाळी मीच गिअर बदलला, धुऱ्यावरून ट्रॅक्टर चढवला आणि सरळ डांबरी रस्त्यावर आलो.

खडखडखडखड. असा आवाज आमच्या गावानं लग्नातल्या बँडबाज्याचाही ऐकला नसेल. लोखंड डांबरावर, दात वाजून राहिले होते, टोपी उडून गेली. मला तो आवाज वाईट वाटला नाही. उलट मजा आली. मी वेग वाढवला. मागे रोवणाऱ्या बाया हात हलवत होत्या. मला वाटलं माझं कौतुक करतायत. त्या ओरडत होत्या, "थांबा, थांबा." समोरून येणारा एक सायकलवाला सायकल टाकून बांधीत उतरला. शाळेच्या खिडक्यांतून पोरं लोंबकळली. चहाच्या टपरीवरचे लोक कप हातात घेऊन रस्त्यावर आले. आणि टपरीजवळ मधोमध आमच्या गावची सरपंचबाई उभी. तरणी आहे, माझ्या दोस्ताची सून. दोन्ही हात वर करून.

मी थांबवला.

"आबाजी, हा रस्ता आमी किती वर्सं मागून यंदा पुन्हा डांबरून घेतला. डांबर वाळलं नाई अजून नीट. अन् तुमी खोदून ठेवला."

"खोदला नाई. रेघा पडल्या."

"रेघा? बाहेरचा कोनी पाहील तं म्हनेल इथून वाघ गेला."

"वाघच गेला."

टपरीवर हशा झाला. ती मात्र हसली नाही. "दंड होईल तुमाले. ग्रामसभेत."

"करा दंड. मीच पहिला हात वर करीन."

"अन् ह्या रेघा बुजवाले मानूस तुमचा लागेल."

"मी सोता येईन घमेलं घेऊन. आनखी काय?"

तिला वाटलं असेल म्हातारं भांडेल, रडेल, सबबी सांगेल. मी इतका खूश होतो की मला शिक्षा कमीच वाटत होती. तेवढ्यात म्होरकी धापा टाकत, मागे दोन-चार बाया घेऊन तिथे पोचली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात माझी टोपी. टोपी मला दिली आणि विचारलं, "भाऊजी, पुलिया कुठं हाय?"

"कुठं म्हंजे? तिथंच हाय, समोर."

"समोर कुठं जी? मागं पाहा."

मी मागे वळलो. पुलिया मागे राहिली होती, चांगली दूर. डांबरावरच्या दोन पांढऱ्या रेघा त्यावरून अगदी मधून गेलेल्या, कुठे हललेल्या नाहीत, वाकलेल्या नाहीत. ज्या कठड्याशी माझी व्हॅन फिरली होती, ज्याच्या बाजूनं पायी जातानाही मी दुसऱ्या कडेला सरकायचो, तो मी ओलांडला होता आणि मला पत्ता नव्हता. मी त्या रेघांकडे पाहत राहिलो. सरपंचबाईही पाहत होती. तिला माझ्या अपघाताचं सगळं माहीत होतं. ती आवाज खाली आणून म्हणाली, "आबाजी, दंड तरी द्याच लागेल."

"द्याच लागेल," मी म्हटलं.

पण केजव्हीलवर एक पाऊलसुद्धा पुढे जाऊ देणार नाही म्हणाली. आणि बांधीत उतरायची वाट थोडी पुढेच होती. मग टपरीवाल्यानं धानाची रिकामी पोती काढली. बायांनी ती चाकांपुढे पसरली, ट्रॅक्टर त्यावरून आला की मागची उचलून पुन्हा पुढे आणून पसरली. लग्नात नवरदेवाला पायघड्या घालतात तसं. म्होरकी पोतं टाकता टाकता म्हणाली, "या जी नवरदेव, या. नवरी चिखलात वाट पाहून राहिली." मी नवरदेवासारखाच सरळ ताठ बसलो होतो. दुसरी बांधी मी पाणी जायच्या आत केली, आणि बायांनी दोन्ही बांध्या संध्याकाळपर्यंत रोवल्या.

घरी आलो तेव्हा अंगण भरलं होतं. पोरगा मिलमधून आला होता. कुडव्याचा गिऱ्हाईकही आला होता, मोटरसायकलवर, बरोबर एक जण, व्हॅन चालवत न्यायला. रेघांची बातमी माझ्याआधी घरी पोचलेली होती. पोराचं तोंड लाल. "बाबा, तुमी केजव्हील डांबरावर नेली?"

"नेली."

"कायले?"

"तिकडे बांधी होती म्हनून."

गिऱ्हाईक घाईत होता. व्हॅनला चाबी लावून पाहिली. टक्कन आवाज आला आणि बंद. इतके महिने उभी होती, बॅटरी बसलेली. तो म्हणाला, "चाचा, एक बार स्टार्ट होके दिखना चाहिए. चालू हालत में बोला था आपके लड़के ने."

मी म्हटलं, "धक्का मारना पड़ेगा. मैं बैठता हूँ."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी चाबी मागितली तेव्हा त्यानं ती लगेच दिली नाही. ओसरीवर बायको काठी धरून उभी होती. ती म्हणाली, "दे ना. कायले अडवतं?"

मी बसलो. खरं सांगतो, काचेत ते तोंड पुन्हा आलं. पण त्या वेळी काचेत पोराचं तोंडही होतं, गिऱ्हाइकाचं होतं, त्याच्या माणसाचं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मला ट्रककडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. मी दुसरा गिअर टाकला आणि ओरडलो, "मारा." पोरगा, गिऱ्हाईक आणि त्याचा माणूस, तिघांनी मागून जोर लावला. अंगणाच्या उतारावर गाडी सरकली, मी क्लच सोडला, इंजिननं आचका दिला आणि चालू झालं. मी थांबवली नाही. अंगणातून बाहेर काढली, देवळाला वळसा घातला, पाण्याच्या टाकीपासून फिरवली, शाळेच्या मागून आणली आणि अंगणात पुन्हा उभी केली. भीती गेली होती का? नव्हती. पण हात स्टेअरिंगवरच होते.

गिऱ्हाईक मागे धावत आला होता, दमलेला. "इंजन बढ़िया है चाचा. पक्का."

"पक्का नाई. बेचना नहीं है."

"क्या?"

"गाडी नहीं बेचना."

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग माझ्या पोराकडे. "तो भाई, हमको कुडवा से धक्का मारने बुलाया था क्या?"

पोराला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. त्यानं गिऱ्हाइकाला ओसरीवर बसवलं, चहा पाजला, माफी मागितली. मी माफी मागितली नाही, पण त्याच्यापुढे चिवड्याची ताटली मात्र मीच सरकवली. जाताना तो म्हणाला की चाचा, बॅटरी बदल लो, और गियर थोड़ा धीरे डाला करो. मी ऐकून घेतलं. धक्का मारला होता त्यानं, एवढं बोलायचा त्याला हक्क होता.

बायको आत गेली होती. मी हातपाय धुवून स्वयंपाकघरात गेलो तर ती पेटीतून एक लुगडं काढून पेटीचा वास लागला का ते पाहत होती. मला म्हणाली, "सकाळी किती वाजता निघाचं?"

"ऊन चढाच्या आधी."

"भावाले फोन करून सांगू का?"

"मी सांगतो," मी म्हटलं, आणि मीच सांगितलं. तो पलीकडून नुसता "भाटवे, भाटवे" करत राहिला. भाटवे म्हणजे आमच्याकडे बहिणीचा नवरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं आमच्याच ट्रॅक्टरची बॅटरी लावून व्हॅन चालू करून दिली. बायकोला पुढच्या सीटवर बसवलं, पायाखाली उशी दिली. पुलिया आली. तिनं दाराचा हँडल पकडला, मी स्टेअरिंग पकडलं. पुलिया मागे गेल्यावर बायको म्हणाली, "हळू जा जी." मी म्हटलं, "हळूच तं जाऊन राहिलो." कुडव्याच्या नाक्यावर एका ऑटोवाल्यानं मधे घातली, मी त्याला हॉर्न दिला, चांगला लांब. गोंदिया ओलांडलं, आमगावचा रस्ता लागला, मी चौथा गिअर टाकला. माहेरच्या दारात मांडव होता आणि मांडवाखाली तिचे भाऊ, भाचे, पाहुणे सगळे उभे. अंगण ऐसपैस होतं, गाडी सरळ आत नेता आली असती. मी ती रस्त्यावर थांबवली, मान मागे वळवली आणि सगळ्यांच्या देखत, कोणाला "आने दो" म्हणू न देता, रिव्हर्स घेत आत लावली.